कडबाकुट्टी

टेम्पोतून कडबाकुट्टी उतरवली, तेव्हा सारिका उजवा हात छातीशी धरून ओट्यावर बसली होती. चार दिवसांपूर्वी कंपनीत प्रेस मशीनखाली त्या हाताची दोन बोटं गेली होती. बँडेज एवढं मोठं होतं, की हात दुसऱ्याच कुणाचा वाटत होता.

“आबा, कुटं ठेवू?” अतुलनं विचारलं. अतुल ठेकेदाराचा सुपरवायझर. शेजारच्याच गावचा, सारिकाच्या नवऱ्याच्या, निलेशच्या वर्गातला. आजवर तो या घरी फक्त चहाला आला होता.

“काय हाय ह्ये?” सारिकाच्या सासऱ्यांनी, रखमाजींनी विचारलं.

“कडबाकुट्टी.”

“त्ये दिसतंय मला. आमच्यात कशापायी?”

अतुलनं खिशातून कागद काढून वाचून दाखवला. सारिका त्या दिवशी सुट्टीवर होती. घरी जनावरांसाठी वैरण कापताना तिची बोटं कडबाकुट्टीत गेली. तिची कुणाबद्दल तक्रार नाही. खाली सहीला जागा सोडली होती.

“उद्या अकरा वाजता सरकारी साहेब चौकशीला येणार. दवाखान्यानं कळवलंय,” अतुल म्हणाला. “मशीन दारात दिसलं की फोटो काढतील आन जातील. हजेरीचं आमी केलंय. वहिनी, तुमी फक्त डावा अंगठा द्या.”

कंपनीचं काम असं चोख. बोटं कामावर गेली असं लिहिलं, तर सारिकाला कायद्यानं भरपाई मिळणार होती. घरी गेली असं लिहिलं, तर दवाखान्याचं बिल कंपनी माणुसकी म्हणून भरणार होती. वर निलेशचं कंत्राटी कार्ड एक तारखेला आणखी सहा महिन्यांसाठी निघणार होतं. हे शेवटचं अतुलनं दोनदा सांगितलं.

निलेश दारात उभा होता. तोही त्याच कंपनीत, पॅकिंगला. सारिकानं त्याच्याकडे पाहिलं, तर तो टेम्पोच्या चाकाकडे बघायला लागला. तिला त्याचा राग आला नाही. घरातलं एक काम गेलंच होतं. दुसरंही घालवा, असं ती कुठल्या तोंडानं म्हणणार?

“आन म्हैस कवा येणार?” रखमाजींनी विचारलं.

“आबा, मस्करी नका करू.”

“मस्करी तू करतोयस. जनावरं इकून सहा वर्सं झाली. समदं गाव सांगंल.”

“गाव न्हाई सांगायचं. गावातल्या बारा बाया आमच्याकडं कामाला हायेत.”

अतुलनं शाईची डबी उघडून सारिकाच्या मांडीजवळ ठेवली. कागद सरळ केला. तिनं डावा अंगठा शाईत टेकवला. तिला लाज वाटली, आणि लाज आपल्यालाच का वाटावी, याचा संताप आला. तरी तिनं हात कागदाकडे नेला.

तेवढ्यात पलीकडचे गेणूभाऊ डोक्यावर पेंढ्याचा भारा घेऊन आले. कुणाच्या दारात यंत्र आलं, की ते अख्ख्या आळीचं असतं. विचारायची पद्धत नाही. “बरं झालं आबा, मशीन घेतलं,” म्हणत त्यांनी भारा खाली टाकला, मूठभर पेंढा यंत्रात सरकवला आणि चाकाला हात घातला. अतुल “अहो, अहो” करेपर्यंत पातं फिरायलाही लागलं.

एका हातानं ते चाक फिरवत होते, दुसऱ्या हातानं पेंढा आत रेटत होते. पेंढा अडकला. त्यांनी हात आणखी आत घातला.

“हात काडा!” सारिका किंचाळली.

चाक जागच्या जागी थांबलं. गेणूभाऊंनी हात बाहेर काढून उलटसुलट करून पाहिला. पाची बोटं होती.

“काय झालं गं पोरी?” त्यांनी विचारलं.

सारिका उठली आणि यंत्रापाशी गेली.

“भाऊजी, मी बी अशीच वराडले हुते,” ती अतुलला म्हणाली. “तुमी तितंच हुता. प्रेसला सेन्सर हुता. हात आत गेला की प्रेस आपोआप थांबायची. सारखी थांबती, माल कमी निघतो, म्हनून त्याची वायर तुमी काडली. ही कडबाकुट्टी बगा. निस्ती हाक मारली तर थांबली.”

“वहिनी, वरनं ऑर्डर होती...”

“असंल. उद्या सायबाला त्ये बी सांगीन.” तिनं अंगठ्याची शाई पदराला पुसली. “हिनं न्हाई घेतली माझी बोटं. हिच्यावर कशापायी आळ घेता?”

अतुलनं कागदाची घडी केली. तो दाराकडे वळून म्हणाला, “निल्या, एक तारीख ध्यानात हाय ना?”

निलेश पायऱ्या उतरून अंगणात आला. वाकला आणि त्यानं यंत्राचा एक पाय धरला.

“गेणूभाऊ, तुमचा भारा तेवढा बाजूला घ्या,” तो म्हणाला. “ह्ये परत टेम्पोत टाकायचंय.”