तिसरा मासा

मादीचं शेपूट अर्धंच उरलं होतं. नर तिला कोपऱ्यात दाबून पुन्हा पुन्हा ढुशा देत होता. खांद्यावरची पिशवी न उतरवताच शरच्चंद्र काचपेटीसमोर उभे राहिले.

महिनाभर ते सांगलीला बहिणीकडे होते. पार्ल्याच्या या दोन खोल्यांत परत आले ते फक्त सामान न्यायला. मुलाच्या, बाळच्या, लग्नाला दीड वर्ष झालं होतं. तेवढ्यात सासऱ्याचं आणि सुनेचं एक दिवस धड गेलं नव्हतं. कधी खिडकी, कधी रेडिओचा आवाज, कधी भाजीच्या फोडी. बाळ दर वेळी बायकोच्या बाजूनं. आपण गेलो की दोघं सुखानं राहतील, असं शरच्चंद्रांनी ठरवून टाकलं होतं.

"काचेपलीकडचा कुठे गेला?" त्यांनी विचारलं.

पेटीत मधोमध एक काच उभी असे. अलीकडे ही पट्ट्यापट्ट्यांची जोडी, पलीकडे एकटा नर. जोडी दिवसभर काचेवर धडका मारून त्याच्यावर चाल करून जायची.

"दया आली हो त्याची," बाळ म्हणाला. "ॲम्ब्रोजला परत दिला. काचही काढली. म्हटलं, या दोघांना ऐसपैस होईल."

ॲम्ब्रोज मालाडला घरामागच्या हौदांत मासे वाढवून विकायचा. काच त्यानंच बसवली होती. ती कशाला, हे कोणी विचारलं नव्हतं. बाळ जाऊन त्याला घेऊन आला, बरणीतल्या माशासकट. मादीकडे बघून ॲम्ब्रोजनं कपाळावर हात मारला.

"वाट लावलीत ना, काका! सिक्लिड आहेत हे, गोल्डफिश नाय. भांडण यांच्या रक्तात. समोर दुश्मन असला की दोघं एक. दुश्मन काढला की एकमेकांना खातात. आणि त्या तिसऱ्याला काय होतंय? मध्ये काच आहे ना!"

काच बसली. तिसरा पलीकडे सुटला. नरानं मादीला सोडून तिकडे झेप घेतली. थोड्या वेळानं मादीही त्याच्या शेजारी येऊन काचेवर तोंड आपटू लागली.

"अण्णा, तिला विचारा, हात पुसायचं फडकं कुठे आहे," बाळ म्हणाला.

त्याची बायको क्षमा दोन हातांच्या अंतरावरच उभी होती. "सांगा त्यांना, डोळे उघडले की दिसेल."

दाराशी एक बॅग भरून ठेवलेली शरच्चंद्रांना आता दिसली.

"कोणाची गं?"

"माझी. उद्या मुलुंडला जातेय, आईकडे."

"परत कधी?"

"बघू."

ॲम्ब्रोज गेला. तिघं जेवायला बसली. शरच्चंद्रांनी वरणभाताचा एक घास घेतला आणि ताट पुढे सरकवलं.

"मुलुंडला वरणात मीठ घालायची पद्धत नाही वाटतं?"

क्षमाच्या हातातला डाव तसाच राहिला. बाळ उसळला. "अण्णा, आल्या आल्या सुरू झालात? तिला काही बोलायचं नाही, सांगून ठेवतो!"

"बघा ना हो!" क्षमा थेट नवऱ्याकडे वळली. "महिनाभरानं जेवायला बसले, आणि पहिलं वाक्य काय, तर हे!"

"भातही गिच्च झालाय," शरच्चंद्र म्हणाले. "सांगलीचं रद्द. आता मी इथेच आहे. बघतोच."

दोघं एकदम त्यांच्यावर तुटून पडली. शरच्चंद्रांनी मान खाली घालून ताट पुन्हा जवळ ओढलं.

वरणात मीठ अगदी बेताचं होतं.