चेष्टा

कोलकात्यात बालीगंजमधल्या एका साडीच्या दुकानाची वेबसाइट शंतनूने पंधरा वर्षांपूर्वी फ्लॅश या हलत्या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये केली होती. माउसने पदर ओढला की साडी उलगडायची. पुढे फ्लॅशच बंद झालं आणि त्याच्या सगळ्या कामांच्या जागी करडे चौकोन उरले. त्यामुळे दुकानाचे मालक घोषालबाबू तीच साडी पुन्हा उलगडून मागायला लागले, तेव्हा तो हरखला. कुणाला दाखवता येईल असं एक तरी काम जिवंत होणार होतं.

नवा नमुना बघून घोषालबाबू फोनवर म्हणाले, "आर एकटू चेष्टा कोरून, दादा."

सांगलीहून आलेल्या आईने ते ऐकलं. "चेष्टा करतोय का रे तो तुझी?"

"नाही गं आई. बंगालीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. अजून थोडा प्रयत्न करा म्हणतोय."

पुढचे दोन महिने घोषालबाबूंनी अठरा वेळा चेष्टा करायला सांगितलं. निऱ्या तीनदा बदलल्या, रेशीम पाचदा चमकवलं आणि जरीचा रंग फिरून पहिल्या नमुन्यावर आणून सोडला. एकोणिसाव्या खेपेला ते खूश झाले.

"खूब शुंदोर! आता याचा एक फोटो काढून पाठवा, दादा. व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो."

"आणि वेबसाइट?"

"वेबसाइट आजकाल कोण बघतं?"

शंतनूने फोन ठेवला. आई शेंगा सोलत बसली होती.

"काय म्हणाला रे?"

"काही नाही," तो म्हणाला. "तुझं बंगाली माझ्यापेक्षा चांगलं आहे."