अंगणातलं तिसरं हृदय

इराणमधल्या चोगा झंबीलच्या प्राचीन एलामी मंदिराच्या अंगणात दोनच बायका होत्या, पण मालविका सोहोनींच्या हातातला पडदा तीन हृदयं दाखवत होता.

सव्वातीन हजार वर्षांच्या विटांना गेलेला बारीकसा तडाही कळावा, म्हणून या पडद्याला जोडलेले संवेदक त्यांनीच पुण्याहून आणून विटांखाली पुरले होते. संवेदकांना हृदयाची धडधडही ऐकू येते, हे सरकारला कळलं आणि ते गर्भनोंदणीला जोडले गेले. नोंद झालेल्या बाईला बाळंत होईपर्यंत सरहद्द बंद, आणि गर्भ पाडला तर तुरुंग.

त्यांची सहकारी गोलनार पांढरीफटक पडली होती. महिनाभर ती विटा टाळून वाळूतूनच चालत होती. आज एका विटेवर उमटलेल्या लहान मुलाच्या पावलावरची वाळू झाडायला, रोजच्या सवयीने ती आत आली होती.

"मॅडम, उद्या मी सरहद्दीपलीकडे जाणार होते. तिथे डॉक्टर ठरली आहे."

पडद्यावर प्रश्न आला: तिसरं हृदय कुणाच्या पोटात आहे?

मालविकाताई चोपन्न वर्षांच्या होत्या. गर्भाशय काढूनही अकरा वर्षं झाली होती. त्यांनी स्वतःचं नाव दाबलं.

'अभिनंदन. तपासणी पथक परवा येईल.'

"आत्ताच नीघ," त्या म्हणाल्या. "मागे वळून बघू नकोस."

गोलनार धावत अंगणाबाहेर पडली. मालविकाताईंनी सुटकेचा श्वास घेतला आणि पडद्याकडे पाहिलं. तिथे आता एकच हृदय जोरजोरात धडधडत होतं.

त्याखाली नवा प्रश्न उमटला: तुमचं बाळ कुठे गेलं?