चार कॅमेरे

दसऱ्याला आमच्या बोदवडच्या कापसाच्या जिनिंगमध्ये पूजा उरकून सगळे जेवायला गेले, तेवढ्यात पाण्याची नवी मोटार चोरीला गेली. शेठ निर्धास्त होते, कारण चारही कॅमेऱ्यांचं चित्र केबिनमधल्या कॅसेटवर उतरत होतं. दुसऱ्या दिवशी कॅसेट लावली, तर चोराच्या तोंडावरच काळा डाग. शेठनी रुमालाने टीव्हीची काच पुसली, कॅसेट तीनदा मागे नेली, डाग काही हलेना. शेवटी मला, दिवाणजीला, शिडी चढावी लागली. चारही कॅमेऱ्यांच्या काचांवर बोटभर कुंकू. शेठनी झाडणाऱ्या बेबाबाईला बोलावलं. “यंत्रांची पूजा करा, तुम्हीच म्हने. मंग कॅमेरे कशाले सोडू?” शेठनी कपाळावर हात मारला. “आता चोर कोण, ते कसं कळणार?” “तुमच्या मेव्हन्याचा डायवर. मी पाह्यलं त्याले मोटार नेताना.” “कालच का नाही सांगितलं?” “सांगत होती. तुम्ही म्हने, गप बस, कॅमेरा सांगीन.”