चाकांची खुर्ची

परक्या शहरात ऊन रणरणत होतं आणि जिथे जावं तिथे लांबलचक रांग. आजींचे पाय अगदी ठणठणीत होते, तरी मुलाने सकाळीच भाड्याने चाकांची खुर्ची आणली. म्हणाला, “आई, तू नुसती बस. खुर्ची दिसली की सगळ्या कुटुंबाला पुढे घेतात.”

दुकानात पैसे देताना, राजवाडा बघताना, सगळीकडे त्यांचा पहिला नंबर लागला. खुर्चीच्या मुठींना खरेदीच्या पिशव्या लटकत गेल्या आणि आजी मुकाट्याने बसून राहिल्या. दुपारी उंच मनोऱ्यापाशी पहारेकऱ्याने हसून त्यांच्यासाठी साखळी काढली. तेवढ्यात नातीने कानाशी लागून विचारलं, “आजी, इथे मीपण लंगडायचं नाटक करू का?”

आजी भर रांगेसमोर ताडकन उभ्या राहिल्या.

“आई, बस खाली, लोक बघतायत,” मुलगा दबक्या आवाजात म्हणाला.

“बघू देत की. तुझं बोट धरून तुला चालायला शिकवलं, ते मला खुर्चीत कोंबायला नव्हे.”

“अगं, तासभर उन्हात उभं राहावं लागेल.”

“मग राहू. एवढ्या लोकांना काय सावली आहे?”

नातीचा हात धरून त्या तरातरा चालत रांगेच्या शेवटाला जाऊन उभ्या राहिल्या. मुलगा आणि सून रिकामी खुर्ची धरून तिथेच थिजले.

तेवढ्यात त्यांच्या मागे तशाच चाकांच्या खुर्चीत बसलेले एक अनोळखी आजोबा उठले, मांडीवरच्या पिशव्या आपल्या लेकाच्या हातात दिल्या आणि निवांत चालत आजींच्या मागे येऊन उभे राहिले.