एक का नऊ

“हा एक हाय का नऊ?” सटवाजीनं चिठ्ठी उन्हाकडं धरून विचारलं.

“एक,” बजरंग म्हणाला.

“नीट बघून सांगा, मालक. मराठी आकड्यापायी म्या एकदा लय बोलणी खाल्लीत. बोरीच्या एका गड्याच्या दंडावर लग्नाची तारीख काढली, एकोणीसच्या जागी अकरा. त्याची बायको म्हणाली, मला एकोणीसला आणलं, मंग अकराला कुणाला आणलं व्हतं?”

बजरंग हसला नाही. “एकच हाय. बाबाच्या हातावर काढा आन् आमाला मोकळं करा.”

बाबा, म्हणजे दिनकरराव, स्टुलावर टोपी सांभाळत बसले होते. “लग्न कुणाचं हाय?” त्यांनी विचारलं. बसल्यापासून तिसऱ्यांदा.

“बघा,” बजरंग म्हणाला. “ह्या महिन्यात तीनदा हरवले. एकदा पेडगावात घावले, एकदा पार मानवत रोडच्या टेसनात. म्या कामावर जाऊ का बाप धुंडू? हातावर नंबर असला म्हंजे कुणीबी फोन करंल.”

सोनपेठच्या आठवडी बाजारात, एसटी स्टँडच्या भिंतीला छत्री लावून सटवाजी गोंदायला बसायचा. त्याची आई सुयांच्या जुडीनं गोंदायची, हा बॅटरीवरच्या मशीननं. यंदा पोरीचं नाव काढायचं, पुढच्या साली त्याच नावावर मोरपीस काढून ते झाकायचं, असा सगळा धंदा. हात चालायचा तशीच जीभ. “सटवाई कपाळावर लिहिते, सटवाजी हातावर,” तो गिऱ्हाइकाला सांगायचा. “तिचं कुणाला वाचता येत न्हाई, माझं येतं. खोडायचं म्हणाल तर दोघांचंबी खोडत न्हाई.”

नंबर गोंदायचा तर त्याचा एक कायदा होता. सुई टेकवायच्या आधी फोन लावायचा. समोरच्याच्याच खिशात घंटी वाजली की म्हणायचं, “हॅलो, तुमची म्हैस बाजारात सापडली, घेऊन जा.” मग हसाहशी, मग काम.

म्हशीची थाप जिभेवर तयार ठेवून त्यानं चिठ्ठीवरचा नंबर लावला. फोनमधली बाई म्हणाली, हा क्रमांक अस्तित्वात नाही.

“रेंज नसंल,” बजरंग म्हणाला.

आणि त्याच्या खिशातला फोन खणखणला.

“आली बघा रेंज,” सटवाजी म्हणाला.

“घरून हाय,” म्हणत बजरंग उठला आणि फोन कानाला लावून पाणपोईकडं गेला. सटवाजीनं म्हशीची थाप गिळून टाकली.

दिनकरराव आपल्या मोकळ्या मनगटाकडं बघत होते. मग शाळेतलं पोर पाढा म्हणतं तसं, डोळे मिटून, एका लयीत त्यांनी दहा आकडे म्हटले. कुठं अडखळले नाहीत. सटवाजीचं बोट चिठ्ठीवरून सरकत गेलं. नऊ आकडे बरोबर जुळले. शेवटी दिनकरराव म्हणाले, “नऊ.”

सटवाजीनं शेवटी नऊ घालून नंबर फिरवला. पाणपोईपाशी बोलता बोलता बजरंगनं फोन कानापासून काढला, पडद्याकडं बघितलं आणि पुन्हा कानाला लावला.

सटवाजीनं फोन तोडला. मान वर केली तर दिनकररावही तिकडंच बघत होते.

“बाबा...” तो म्हणाला. मग त्यानं नव्या सुईचं पाकीट फोडलं, टोपणात शाई ओतली.

बजरंग परत आला. “झालं?”

“मनगट धरा. म्हातारं कातडं लय ढिल्लं असतंय, ताणल्याबिगर आकडा बसत न्हाई.”

बजरंगनं दोन्ही अंगठ्यांनी बापाचं कातडं ताणून धरलं. मशीन गुणगुणायला लागली. सटवाजीनं आकडे मोकळे मोकळे काढले, उद्या शाई पसरली तरी वाचता यावेत म्हणून. दिनकररावांनी एकदाही हात ओढला नाही. उलट बजरंगलाच विचारलं, “सकाळपून काही खाल्लास का न्हाई?”

“खाल्लंय,” बजरंग खाली बघूनच बोलला.

नऊ आकडे झाले. सटवाजीनं रक्त टिपलं. शेवटच्या आकड्याची जागा कोरी होती. मशीन चालूच ठेवून त्यानं बजरंगच्या तोंडाकडं बघितलं.

“मालक, आता शेवटचं इचारतो. एक का नऊ? मागून माझ्या बापालाबी खोडता यायचं न्हाई.”

बजरंगनं बापाकडं बघितलं नाही. स्टँडावर गाडी लागली होती, तिच्याकडं बघितलं.

“कितींदा इचारायलास लेकराला?” दिनकरराव सटवाजीवर खेकसले. “एकच हाय ते. माझ्या पोराचा नंबर मला पाठ हाय.”

बजरंगचे अंगठे सुटले. ताणलेलं कातडं मागं आलं आणि त्या कोऱ्या जागेवर पुन्हा सुरकुत्या पडल्या.