दिवेलागणीचा लूम

सूर्यास्ताची मगरिबची नमाज आटोपून यूनुस गल्लीत शिरला आणि जागीच थबकला. खटखट, खटखट. कुठेतरी कापडाचा लूम चालत होता.

या वेळेला निजामपुऱ्याच्या या गल्लीत सगळे लूम बंद असायला हवे होते. दिवेलागण झाली की मुंबई-ठाण्यात विजेची मागणी चढते आणि गदा येते ती भिवंडीवर. म्हणून गल्लीने वीज कंपनीशी करार केला होता: संध्याकाळी लूम बंद ठेवायचे, बदल्यात दिवसभर वीज मिळणार. घरातले दिवे-पंखे चालतील. पण संध्याकाळी लूम फिरला, किंवा कुणाच्या मीटरच्या पेटीचं सील तुटलं, तर सगळी गल्ली करारातून बाद.

गल्लीच्या वतीने कंपनीला शब्द यूनुसने दिला होता. भारनियमनाला कंटाळून गावी गेलेले त्याचे कारागीर आत्ता कुठे परतले होते. ते पुन्हा गेले, तर लूम भंगारात घालण्यावाचून गत्यंतर नव्हतं. आणि नेमके आजच वीज कंपनीचे साहेब तपासणीला यायचे होते.

समोरच्या कारखान्यातला नवशा धावत आला. "ऐकलंत, यूनुसभाय? चार दिवस झालं, हेच चाललंय. गोणपाटं लावून आवाज दाबलाय, पण आम्ही काय कान गहाण टाकलेत?"

"केसरीनाथचा?"

"मग कुणाचा?"

केसरीनाथ यूनुसचा शेजारी आणि बालमित्र. शाळा बुडवणाऱ्या यूनुसला कान धरून वर्गात पोचवलं होतं ते केसरीनाथच्या आईने, पुतळाबाईने. आता ती कारखान्यामागच्या खोलीत अंथरुणाला खिळली होती. करारापासून म्हातारीच्या डोळ्याला डोळा लागत नाही, असं केसरीनाथ सांगायचा. त्यात नवल ते काय? पहिल्या संध्याकाळी लूमविना ती शांतता यूनुसलाही खायला उठली होती.

पण केसरीनाथही हल्ली बदललाच होता. रोज सकाळी त्याच्या टेपवर भजनं लागायची, ती बंद झाली होती. काल महादूच्या दुकानात तो जाडे सेल घेताना दिसला. "टॉर्चला का रे?" यूनुसने विचारलं, तर नुसता हसून निघून गेला. अंधारात चोरून काम करायचं तर टॉर्च लागणारच, हे यूनुसला आता सुचलं आणि त्याचं डोकं फिरलं.

तोवर केसरीनाथच्या दारात गर्दी जमली होती. शटर आतून बंद होतं. यूनुसने बाजूच्या खिडकीवर थाप मारली. खिडकी जराशी किलकिली झाली.

"लूम बंद कर, केसरीनाथ."

"बंदच हाय," तो कुजबुजला.

"मग हे काय ऐकू येतंय?"

"हळू बोल. सकाळी सांगतो तुला."

"सकाळी? साहेब आत्ता येतायत! शटर उघड."

"आता न्हाय उघडणार. तुझ्या पाया पडतो यूनुस, जरा दम धर."

खिडकी बंद झाली.

"चोर तो चोर, वर शिरजोर!" नवशा ओरडला.

यूनुसला राग आला, पण त्याहून वाईट वाटलं. ज्याच्यासाठी आपण जामीन राहिलो, त्यानेच केसाने गळा कापावा! गल्लीच्या तोंडाशी जीपचा हॉर्न वाजला. आता बोलत बसायला वेळ नव्हता. केसरीनाथचं घर आणि कारखाना एकाच मीटरच्या पेटीवर होते. यूनुसने पेटीच्या झाकणाला जोरात हिसडा दिला आणि फ्यूज उपसून काढला.

घरातला दिवा गेला. पंखा घरघरत थांबला.

खटखट चालूच राहिली.

खिडकी पुन्हा उघडली. कुणीतरी पुढे केलेला टॉर्च यूनुसने आत मारला. लूम थंड पडले होते, त्यांच्यावर चादरी पांघरलेल्या होत्या. मागच्या खोलीच्या उघड्या दारातून खाट दिसत होती. खाटेवर पुतळाबाई भिंतीकडे तोंड करून गाढ झोपली होती आणि तिच्या उशाशी टेप चालू होता. खटखट, खटखट.

"आताच डोळा लागलाय तिचा," केसरीनाथ म्हणाला.

जीपमधून उतरलेले साहेब पेटीपाशी आले. खाली पडलेलं तुटकं सील उचलून त्यांनी विचारलं, "हे कुणी तोडलं?"